सलामाची परतफेड



अस्सलामु अलैकुम. रामराम. जय भीम. जय जिजाऊ. दंडवत प्रणाम.

बुलढाणा जिल्ह्यातल्या सभेत बोलायला उभं राहिल्यावर यातलं एकही गाळून चालत नाही. चिखलीच्या किंवा मेहकरच्या एसटी स्टँडवर सकाळच्या वेळी बसून राहा, हे सगळं कानांवर येतं. पंढरीचा माणूस 'माऊली' म्हणतो, शेगावच्या गाडीची वाट पाहणारा 'जय गजानन' म्हणतो, तांड्यावरचा बंजारा 'जय सेवालाल' म्हणतो आणि मलकापूर-खामगावकडचा जैन व्यापारी 'जय जिनेंद्र' म्हणतो. 'जय जिजाऊ' तर आपल्या सिंदखेड राजाच्या मातीतलंच. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी लोणारला आणि मेहकरला येऊन गेले, त्यामुळे 'दंडवत प्रणाम' या भागात सातशे वर्षांहून जुना आहे. या सगळ्या अभिवादनांतलं एक, सलाम, मी आज बोलायला घेतलं आहे. त्याच्यासोबत बिस्मिल्ला, इन्शाअल्ला, माशाअल्ला हे त्याचं गणगोतही येईल. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते मुलांना सांगत, माणूस कोण आहे हे विचारण्याआधी तो दुसऱ्याला हाक कशी मारतो ते ऐका. त्यांच्या विद्यार्थ्यांकडून हे ऐकलं तेव्हाच विषय ठरला.

मी पिंजाऱ्याच्या घरातला. वऱ्हाड म्हणजे कापूस. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला आणि जलंबहून खामगावपर्यंतचा रेल्वेचा फाटा सुरू झाला, तो कापसासाठीच. गाठी विलायतेला गेल्या, आमच्या वाट्याला गाद्या, रजया आणि उशा आल्या. वडील धुनकी खांद्यावर टाकून गावोगाव जायचे. कुणाच्या ओसरीत, कुणाच्या गोठ्यात धुनकी टांगायची, गेल्या वर्षीच्या गादीतला दडस झालेला कापूस उपसून ढीग करायचा, धुनकीची तात त्या ढिगात बुडवायची आणि मुठीतल्या लाकडी ठोक्याने ती छेडायची. पहिला ठोका मारण्याआधी त्यांचे ओठ हलायचे. बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम. मग 'तँव्, तँव्' असा आवाज सुरू व्हायचा, कापूस फुलून हवेत उडायचा आणि वडिलांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. घरची बाई लांबून विचारायची, "झालं का बिस्मिल्ला, चाचा?" म्हणजे चहा ठेवू का. पिंजाऱ्याने अल्लाचं नाव घेतल्याशिवाय त्याला चहा द्यायचा नाही, असा काही नियम नव्हता. पण कामाला लागण्याची खूण ती होती आणि ती त्या घरात सगळ्यांना माहीत होती.

आमच्या घरात असं एकही काम नव्हतं की ज्याच्या तोंडाशी बिस्मिल्ला नाही. आई सुईत दोरा ओवताना म्हणायची, डब्यातून पीठ काढताना म्हणायची, अंधारात घराबाहेर पाणी ओतण्याआधी म्हणायची. जेवण झालं की अल्हमदुलिल्ला. शिंक आली तरी अल्हमदुलिल्ला, आणि ती ज्याने ऐकली त्याने 'यरहमुकल्लाह', म्हणजे देव तुझ्यावर दया करो, असं म्हणायचं. मग शिंकणाऱ्याने त्याच्यासाठी पुन्हा दुवा मागायची. एका शिंकेत तीन दुवा. अरबस्तानातली ही रीत, पण ती आमच्या कुडाच्या घरात आपसूक चालत होती. अरबी वाचता येणारं घरात कुणी नव्हतं. कुराणाचा अर्थ आम्हाला फार उशिरा कळला, तोही मराठी भाषांतरातून.

अल्लाचं नाव असं कामाकामाला घेतल्याने काय होतं? माझ्या मते, काम एकट्याचं राहत नाही. पिंजताना, शिवताना, रांधताना माणूस स्वतःला एक शब्द देतो की हे मी कुणाच्या तरी साक्षीने करतो आहे. मापात मारणारा दुकानदारही बिस्मिल्ला म्हणतो, हे मला ठाऊक आहे. पण तो म्हणतो तेव्हा त्याने स्वतःवर एक बोजा घेतलेला असतो आणि गिऱ्हाइकाला तो बोजा दाखवता येतो. "बिस्मिल्ला म्हणून तोललं ना चाचा, मग काट्याकडं बघा की," असं ठणकावणारी बाई मी आठवडी बाजारात ऐकली आहे. ती मुसलमान नव्हती.

आता सलामाकडे येऊ. अस्सलामु अलैकुम म्हणजे तुमच्यावर शांती असो. उत्तर, व अलैकुमुस्सलाम, तुमच्यावरही असो. आमच्याकडे त्याचं 'सलामालेकुम' आणि 'वालेकुम सलाम' झालं आहे. सलाम करणं हे पुण्याचं काम, पण त्याचं उत्तर देणं हे कर्तव्य, असं शास्त्र सांगतं. कुराणाच्या चौथ्या सूरेत, ८६व्या आयतीत याची आज्ञा आहे. तिचा भाव असा की, कुणी तुम्हाला अभिवादन केलं तर त्याहून चांगलं परत द्या, निदान तेवढं तरी द्या. म्हणूनच कुणी नुसतं 'सलामालेकुम' म्हटलं तर जाणता माणूस उत्तरात 'व रहमतुल्लाह' जोडतो, आणि समोरच्याने तेही जोडलेलं असेल तर 'व बरकातुहू' जोडतो. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या नोंदींत, याचा हिशेब आहे. पहिल्या पायरीला दहा, दुसरीला वीस, तिसरीला तीस पुण्यं. आमच्या लहानपणी आम्ही पोरं तीसच्या लोभाने तिन्ही म्हणत पळायचो.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो आधी सलाम कुणी करायचा याचा नियम. बुखारींच्या हदीस-संग्रहात तो आहे. स्वाराने पायी चालणाऱ्याला करावा, चालणाऱ्याने बसलेल्याला करावा, थोड्यांनी पुष्कळांना करावा, आणि लहानाने मोठ्याला. शेवटचा नियम आपल्याकडेही आहेच, वडीलधाऱ्यांच्या पाया पडणं आपल्याला नवं नाही. बाकीचे तीन मात्र आपल्या जुन्या गावाच्या रीतीशी ताडून पाहा. घोड्यावर कोण बसायचं? पाटील, देशमुख, अंमलदार. पायी कोण चालायचं? आणि घोडा समोरून आला की वाटेच्या कडेला होऊन कंबरेत वाकायचं कुणी? हा नियम म्हणतो, जो घोड्यावर आहे त्याने आधी बोलायचं. उंचावर बसलेल्यावर पहिल्या शब्दाची जबाबदारी. शिवाय दोघांनी वापरायचे शब्द तेच. मालकाला वेगळे आणि गड्याला वेगळे, असं त्यात नाही.

इथे कुणी म्हणेल, मग मराठीत 'सलाम ठोकणे' हा वाक्प्रचार आला कुठून? मंगेश पाडगावकरांच्या 'सलाम' या संग्रहाला १९८० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यातला सलाम लाचाराचा आहे, भेदरलेल्या माणसाचा आहे, आणि मराठी वाचकाला तो तसाच कळतो. कारण आपल्याला सलाम दोन वाटांनी आला. एक वाट दरबाराची. बहमनी, इमादशाही, निजामशाही, मोगल, निजाम, अशी वऱ्हाडाची मालकी बदलत गेली आणि प्रत्येक कचेरीत कुर्निसात, मुजरा, सलाम यांची उतरंड होती. तिथला सलाम खालून वर जायचा आणि वरून त्याचं उत्तर यायचंच असं नाही. मान हलली तरी पुष्कळ. इंग्रजांनी ती उतरंड जशीच्या तशी उचलली आणि कलेक्टरच्या बंगल्याबाहेर सलामाला रांगा लागल्या. दुसरी वाट मशिदीच्या पायरीची आणि मोहल्ल्याची. तिथे अत्तर विकणारा, मन्यार, बागवान, कुरेशी, पिंजारी आणि जहागीरदार एका ओळीत उभे राहतात, नमाजाच्या शेवटी प्रत्येक जण मान उजवीकडे वळवून आणि मग डावीकडे वळवून सलाम म्हणतो. प्रार्थना संपते तीच शेजाऱ्याकडे तोंड करून. मराठीने पहिल्या वाटेचा सलाम वाक्प्रचारात घेतला. दुसऱ्या वाटेचा सलाम मात्र एका माणसाने नेमका ओळखला, आणि तो मुसलमान नव्हता.

त्यांचं नाव हरदास लक्ष्मणराव नगराळे, सगळे त्यांना बाबू हरदास एल. एन. म्हणतात. ६ जानेवारी १९०४ला कामठीत जन्म, बिडी कामगारांची संघटना बांधणारे, बाबासाहेबांचे खंदे कार्यकर्ते. तेव्हा कामठी, नागपूर आणि आपला बुलढाणा हे सगळं मध्य प्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात होतं. महार माणसाने वरच्या जातीच्या माणसाला 'जोहार' करायचा ही त्या काळची रीत. जोहाराला बरोबरीचं उत्तर नव्हतं. ज्याला तो केला जाई तो जोहार परत करत नसे. ही रीत सोडायची तर तिच्या जागी काय आणायचं, हा प्रश्न हरदासांपुढे होता. एका मौलवींकडून त्यांनी मुसलमानांच्या सलामाची पद्धत समजून घेतली. एकाने 'सलाम अलैकुम' म्हणायचं, दुसऱ्याने 'वालेकुम सलाम' म्हणून परत करायचं. मग १९३५च्या सुमाराला त्यांनी कार्यकर्त्यांना सांगितलं, भेटलात की 'जय भीम' म्हणा, आणि उत्तर 'बल भीम' द्या. पुढे 'बल भीम' मागे पडलं आणि दोन्ही बाजूंनी 'जय भीम'च राहिलं. १९३७च्या निवडणुकीत हरदास प्रांताच्या विधिमंडळात निवडून गेले आणि १२ जानेवारी १९३९ला क्षयाने गेले. वय अवघं पस्तीस.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. त्या मौलवींनी हरदासांना आपला धर्म दिला नाही आणि हरदासांनी तो मागितलाही नाही. त्यांनी एक रचना घेतली, ज्यात बोलणाऱ्याला उत्तर मिळण्याचा हक्क आहे. आज आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही वस्तीत 'जय भीम' ऐकू येतो तेव्हा त्याच्या बांधणीत सलामाचा हात आहे, आणि हे मुसलमानांनाही माहीत असायला हवं, बौद्धांनाही.

देवाणघेवाण एकाच बाजूने होते असं समजू नका. पेशवाईतलं मराठी पत्र काढून बघा. माथ्यावर 'श्री', मजकुरात आशीर्वाद किंवा साष्टांग नमस्कार, आणि मिती द्यायची वेळ आली की 'छ' काढून पुढे रबिलावल, जमादिलावल, रजब, साबान. ब्राह्मण कारकून हिजरी चंद्राची तारीख घालायचा. साल लिहिताना इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा असे अरबी अंक यायचे. उलट आपल्या पिंपळगाव सराईला पाहा. सैलानी बाबांचा दर्गा मुसलमान वलीचा, पण तिथली मोठी यात्रा होळीला भरते. नारळांची होळी पेटते, संदल निघतो, महाराष्ट्राबाहेरूनही माणसं येतात, आणि हे सगळं फाल्गुन पौर्णिमेच्या हिशेबाने. पेशव्यांच्या कागदावर मुसलमानी महिना आणि वलीच्या यात्रेला हिंदू पौर्णिमा! ज्यांना आपला प्रदेश समजून घ्यायचा आहे त्यांनी या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

सैलानीला मी दर्ग्याच्या दाराशी पुष्कळ वेळ बसलो आहे. कुणी फातिहा पढतं, कुणी मलिदा आणतं, कुणी लोबानाच्या धुरात आजारी लेकराला धरून उभं राहतं. बंजारा बाई उंबरठ्याला डोकं टेकवते आणि म्हणते, "बाबा, सलाम घ्या." 'घ्या' हा शब्द मौलवींच्या पुस्तकात नाही, तो तिने घातला आहे. तिच्या लेखी सलाम ही देण्याची वस्तू आहे, शिदोरीसारखी. मनाच्या आजाराची माणसं तिथे साखळीने बांधून आणण्याची जी रीत आहे तिच्याविषयी मात्र मी गप्प बसणार नाही. दुवा जरूर मागा, पण त्या माणसाला डॉक्टरकडेही न्या. दवा आणि दुआ हे दोन्ही शब्द आमच्या घरात जोडीनेच वापरले जातात.

मुलाण्याची गोष्टही सांगायला हवी, कारण नव्या पिढीला ती माहीत नाही. त्र्यंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' १९१५ साली निघालं, त्यात गावच्या कामगारांमध्ये मुलाणी आहे. कुणब्या-मराठ्याच्या घरी बोकड कापायचा तर मुलाण्याला बोलावणं जायचं. 'बिस्मिल्लाही अल्लाहु अकबर' म्हणून त्याने सुरी फिरवली तर ते मटण चुलीवर चढायचं, आणि कित्येक ठिकाणी देवीच्या बोकडालाही मुलाणीच लागायचा. त्याबद्दल त्याला धान्य मिळे, वाटा मिळे. म्हणजे ज्याला आज हलाल म्हणून लोक अंगावर येतात, ते गावच्या हिंदू स्वयंपाकघरात रीतीचा भाग होतं. कुणी कुणावर लादलेलं नव्हतं. जीव घ्यायचा तर कुणाचं तरी नाव घेऊन घ्यावा, निमूट मारू नये, एवढी समज दोन्हीकडे होती.

सलामाने सगळं गोड होतं असा माझा दावा नाही. आपल्याच जिल्ह्यात साखरखेर्ड्याला ११ ऑक्टोबर १७२४ रोजी निजामुल्मुल्क आणि मुबारिजखान यांची लढाई झाली. मुबारिजखान पडला, दक्षिणेत निजामाचं राज्य पक्कं झालं, गावाला फतेहखेर्डा हे विजयाचं नाव मिळालं. दोन्ही सेनापती एकमेकांना भेटले असते तर सलामालेकुमच म्हणाले असते. दोघांच्या फौजांत पाच वेळची बांग होत होती. एकच शब्द ओठांवर असलेली माणसंही एकमेकांवर तलवार उपसतात, आणि वेगळे शब्द असलेली माणसं एका गादीवर शेजारी बसून हुरडा खातात.

इन्शाअल्लाविषयी थोडंसं. उद्याची गोष्ट सांगताना अल्लाची इच्छा असेल तर, असं जोडल्याशिवाय सांगू नये, ही अठराव्या सूरेतली शिकवण. कोरडवाहू मुलखात तिचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मृग कोरडा गेला की सोयाबीनचं काय होतं हे मोताळ्याच्या शेतकऱ्याला विचारा. 'पाण्यानं साथ देली तं' असं म्हणूनच तो पुढचं वाक्य सुरू करतो. मात्र ज्याला नाही म्हणायचं धैर्य नाही तो इन्शाअल्ला म्हणून सुटतो, उसने पैसे परत करणारा तर हटकून म्हणतो. हा अल्लाच्या नावाचा गैरवापर आहे, आणि आपण तो घरच्या मुलांसमोर करतो याचं मला वाईट वाटतं. ज्याने इन्शाअल्ला म्हटलं त्याने स्वतःकडून पूर्ण कोशिश करायची आहे, फक्त फळ आपल्या हातात नाही एवढंच कबूल करायचं आहे. माशाअल्ला मात्र सगळ्यांनी आपलंसं केलं. बाळंतिणीला बघायला आलेली शेजारची वैनीही लेकरू पाहून 'माशाल्ला' म्हणते आणि मग मीठ-मोहरीने दृष्टही काढते.

दिवेलागणीची एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे कंदील लावला की आई घरातल्या सगळ्यांना सलाम करायची. लहान-मोठं कुणी असो, कंदिलाची काच बसवून झाली की सलामालेकुम, आणि सगळ्यांनी एकसाथ वालेकुम सलाम म्हणायचं. भिंतीपलीकडे त्याच वेळी 'शुभं करोति' चाललेलं असायचं. पुढे कुणी शिकलेल्या माणसाने आईला सांगितलं की दिवा लावल्यावर सलाम करण्याला शरीयतेत आधार नाही. आई मुकाट्याने थांबली. मी त्या सांगणाऱ्याच्या विद्वत्तेला बोल लावत नाही, पण त्या बाईने संध्याकाळी सगळं घर एका जागी आणण्याचा जो मार्ग शोधला होता तो बंद झाला आणि त्या जागी दुसरं काही आलं नाही. धर्माची शुद्धता तपासताना आपण काय उपटतो आहोत हेही तपासावं, असं मला त्या दिवसापासून वाटत आलं आहे. निरोपाचा 'खुदा हाफिज' जाऊन 'अल्लाह हाफिज' आलं तेही असंच. आधी पाकिस्तानात झालं, मग टीव्ही आणि मोबाइलवरून आपल्यापर्यंत पोचलं. दोन्हीत देव तोच आहे. मी वडिलांकडून शिकलेलं 'खुदा हाफिज'च म्हणतो.

सलाम फक्त जिवंतांना करत नाहीत, हेही तुम्हाला माहीत असावं. कब्रस्तानात पाऊल टाकलं की आधी तिथल्या रहिवाशांना सलाम करायचा, 'अस्सलामु अलैकुम या अहलल कुबूर'. शब-ए-बरातच्या रात्री आम्ही वडिलांबरोबर जायचो, अगरबत्तीच्या वासात चालताना ते प्रत्येक ओळीला थांबायचे. आणि गावात कुणी गेलं की मशिदीच्या भोंग्यावरून 'इन्ना लिल्लाही व इन्ना इलैही राजिऊन' ऐकू येतं. आपण अल्लाचे आहोत आणि त्याच्याकडेच परत जाणार आहोत. त्याचा अर्थ हिंदू शेजाऱ्यालाही लावता येतो. तो हातातलं काम टाकून विचारतो, "कोण गेलं?" जनाज्याला तोही येतो आणि तीन मुठी माती टाकतो.

आता जे बोलायला मला जड जातं तेही बोलतो. गेल्या काही वर्षांत सलाम आवाजात लहान होत चालला आहे. बसमध्ये फोन आला की आमची पोरं हळूच 'जी' म्हणतात, पुढचा शब्द गिळतात. का, ते मी त्यांना विचारत नाही, मला माहीत आहे. ओळख पटू नये म्हणून. आणि दुसऱ्या बाजूला आमच्यातलेच काही जण शिकवतात की सलाम फक्त मुसलमानाला करावा, बिगरमुसलमानाला करू नये आणि त्याने केला तर पूर्ण उत्तर देऊ नये. हा वाद जुना आहे, त्याचे दाखले दोन्हीकडचे आहेत. मी माझ्या बाजूचा एक सांगतो. पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास, ज्यांना कुराणाचे सर्वांत मोठे जाणकार मानतात, त्यांचं म्हणणं बुखारींच्या 'अल-अदब अल-मुफ्रद' या ग्रंथात नोंदलं आहे. सलाम करणारा यहुदी असो, ख्रिस्ती असो, मजूसी म्हणजे अग्निपूजक असो, त्याचा सलाम परत करा, असं ते सांगतात, आणि आधार देतात त्याच चौथ्या सूरेतल्या आयतीचा, जी मी मघाशी सांगितली. ओळखीच्यालाही करा आणि अनोळखीलाही करा, हे तर पैगंबरांनी स्वतः सांगितल्याचं बुखारी आणि इमाम मुस्लिम हे दोघेही हदीस-संग्राहक नोंदवतात. गावात आम्ही हेच पाळलं. पाटलांनी 'सलाम चाचा, कुठी चालले?' म्हटलं की वडील 'रामराम पाटील' म्हणायचे. प्रत्येकाने दुसऱ्याचा शब्द उचलायचा आणि आपला त्याच्यावर सोपवायचा. मला विचाराल तर 'त्याहून चांगलं परत द्या' या आज्ञेचं याहून नेमकं पालन मी पाहिलेलं नाही.

माझ्या हिंदू मित्रांनाही एक विनंती आहे. तुमच्यासमोर कुणी सलामालेकुम म्हणून फोन उचलला तर मान वळवून पाहू नका. आणि कुणी तुम्हालाच म्हटलं तर 'वालेकुम सलाम' म्हणायला काही लागत नाही. तुम्हाला ते म्हणायचं नसेल तर 'रामराम' म्हणा, पण उत्तर द्या. जबाब न मिळालेला सलाम आमच्याकडे मोठा अपमान मानतात. रागाने बोललेला शब्द विसरला जातो, हा विसरला जात नाही.

शेवटी एक काम. आपल्या जिल्ह्यात मराठी शाळाही आहेत आणि उर्दू शाळाही, कित्येक गावांत एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर. दोन्हीकडच्या शिक्षकांनी पोरांना येत्या सुट्टीत एवढंच लिहून आणायला सांगावं की, आपल्या घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस शेजाऱ्यांना भेटल्यावर काय म्हणतं, आणि शेजारी काय उत्तर देतात. कुणबी, माळी, बौद्ध, तडवी, बंजारा, पिंजारी, सगळ्यांच्या दारात जायचं. आणि ज्यांच्या घरात जुनी पत्रं आहेत, मग ती उर्दूतली असोत, मोडीतली असोत, त्यांनी ती बाहेर काढावीत. मला त्यांतली पहिली ओळ आणि शेवटची ओळ हवी आहे, म्हणजे कुणी कुणाला काय म्हणून सुरुवात केली आणि काय म्हणून संपवलं. खासगी मजकूर झाकून ठेवा. मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स चालेल. संयोजकांनी माझा पत्ता लिहून घेतला आहे. मोडी वाचता येत नसेल तरी आणा, वाचून देणारे आपल्याकडे आहेत.